रजिस्टर पूर्ण भरलेलं, तरी आजींना बेडसोर कसा झाला?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या ट्रस्टच्या वृद्धाश्रमात ४२ आजी-आजोबा राहतात आणि तुम्ही सहा महिन्यांपूर्वी विश्वस्त झालात. गेल्या महिन्यात एका आजींची मुलगी भेटायला आली, तेव्हा तिला आईच्या माकडहाडावर रुपयाएवढा बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत दाब येऊन होणारी जखम, दिसला. तुम्ही कुशी बदलल्याचं रजिस्टर मागवलं, तर त्यात एकही रकाना रिकामा नव्हता. आता कार्यकारिणीत तीन मतं पडली आहेत: कॅमेरे लावा, आयएसओचं गुणवत्ता प्रमाणपत्र घ्या, नाहीतर व्यवस्थापक बदला. यातलं आधी काय करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी नर्सिंग केलेली बाई. काही वर्षं रुग्णालयात काढून वृद्धाश्रमाच्या कामात आले, त्याला आता १९ वर्षं झाली. त्यातली ११ वर्षं व्यवस्थापिका म्हणून काढली. माझ्या मते या तिन्हींपैकी आधी काहीच करू नका. आधी एकच गोष्ट शोधा. ती जखम मुलीला दिसायच्या आधी मावशींना दिसलेली असणारच. डायपर बदलताना, अंग पुसताना ती जागा रोज डोळ्यांसमोर असते. मग त्यांनी ते कोणाला सांगितलं? सांगितलं असेल, तर ते कुठे अडलं? सांगितलंच नसेल, तर का नाही? तुमचा खरा प्रश्न हा आहे. जखम कोणत्याही चांगल्या आश्रमात होऊ शकते. पण ती आठवडाभर मावशी, सिस्टर आणि व्यवस्थापक यांच्यामध्येच राहिली आणि तुम्हाला बाहेरून कळली, याची काळजी जास्त करायला हवी.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. ४२ पैकी अंथरुणाला खिळलेले किती? रात्री सिस्टर असते की नुसत्या मावशी? मावशी तुमच्या पगारावर आहेत की ब्यूरोकडून, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून येतात? इमारत एकमजली आहे की वरच्या मजल्यावरही खोल्या आहेत? ही उत्तरं नसताना "दहा जणांमागे एक मावशी" असला ठोकळ आकडा मी देणार नाही. चालते-फिरते दहा जण आणि राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी) लावलेले दहा जण यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता रजिस्टरबद्दल. व्यवस्थापिका झाल्यावर दुसऱ्याच वर्षी एकदा पहाटे साडेपाचला न सांगता आश्रमात गेले होते. टेबलावर कुशी बदलण्याचं रजिस्टर उघडं होतं. त्यात रात्री १०, १२, २ आणि ४ च्या रकान्यांत टिक होती. सहाच्या रकान्यातही होती आणि सकाळी आठच्याही. सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच तिरक्या वळणाच्या. मी मावशींना हाक मारली. त्या आत एका आजोबांची चादर बदलत होत्या, घामाघूम झालेल्या. रजिस्टर दाखवल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या खाली बघत उभ्या राहिल्या.

त्या दिवशी मी पहिल्यांदा कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. त्या मजल्यावर १९ जण, त्यात सहा जण पूर्ण अंथरुणावर. एकाची कूस बदलायची, डायपर बघायचा, चादरीची सुरकुती काढायची, पाठीमागे उशी लावायची, याला आठ मिनिटं लागतात आणि नीट करायचं तर दोन माणसं लागतात. सहा जणांची ४८ मिनिटं झाली, दर दोन तासांनी. उरलेल्या १३ जणांना रात्रीतून एकदा-दोनदा बाथरूमला न्यायचं. आणि हे सगळं करायला मावशी एकटी. अंगाने बारीक असलेल्यांची कूस ती बदलत होती, ७५ किलोच्या आजोबांची बदलणं तिच्या एकटीच्या ताकदीबाहेर होतं. जखमही त्याच आजोबांना झाली होती. म्हणजे ते रजिस्टर तिला रोज रात्री खोटं लिहायला लावत होतं, आणि ते छापून मीच तिच्या हातात दिलं होतं.

तेव्हा तुम्हीही आधी हा हिशेब मांडा. रात्रीच्या एका माणसाकडे प्रत्यक्षात किती मिनिटांचं काम आहे ते स्वतः मोजा. त्यासाठी एक रात्र तिथे काढावी लागली तर काढा. काम आठ तासांत मावतच नसेल, तर कॅमेरा लावून तुम्हाला फक्त एक दमलेली बाई दिसेल.

"दर दोन तासांनी" हा नियमही डोळे झाकून लावू नका. अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममध्ये झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या दाट फोमच्या गादीवर झोपणाऱ्या, बेडसोरचा धोका असलेल्या वृद्धांची कूस दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली, तरी जखमा होण्यात फरक पडला नाही, असं त्यात दिसलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दबून गेलेली कापसाची गादी आणि त्यावर रेक्झिन असतं, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्याला थेट लागू होत नाही. पण चांगल्या गादीवर खर्च केला तर मावशींचे कष्ट कमी होतात, हे त्यातून नक्की कळतं. देणगीदार खोलीवर नाव लावायला तयार असतात, त्यांना गाद्या मागा. आम्ही तेच केलं.

आयएसओबद्दल थोडक्यात सांगते. ते प्रमाणपत्र तुमची कामाची पद्धत ठरलेली आहे आणि तुम्ही तिच्याप्रमाणे चालता, एवढंच सांगतं. आजींची टाच शाबूत आहे की नाही, ते त्यात येत नाही. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेवर आयुष्यभर काम केलेल्या अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली ही गोष्ट सोपी करून ठेवली आहे. तुमच्याकडे साधनं आणि माणसं काय आहेत, तुम्ही प्रत्यक्ष करता काय, आणि शेवटी माणसाचं झालं काय, अशा तीन पातळ्या त्यांनी सांगितल्या. आपल्याकडची बहुतेक रजिस्टरं मधल्या पातळीची असतात, तीही कागदावरची. तुम्ही तिसऱ्या पातळीपासून सुरुवात करा. माणसाचं शरीर खोटं बोलत नाही.

त्यासाठी माझा सगळ्यात जास्त विश्वास वजनावर आहे. महिन्याच्या एक तारखेला, सकाळच्या चहाआधी, एकाच काट्यावर सगळ्यांचं वजन करा. उभं राहता येत नसेल त्यांच्या दंडाचा घेर टेपने मोजा, दर वेळी त्याच हाताचा आणि त्याच जागी. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं, तर ते "वयामुळे" म्हणून सोडून द्यायचं नाही. ५० किलोच्या आजींच्या बाबतीत हे पाच टक्के म्हणजे फक्त अडीच किलो. साडीत ते दिसतही नाही.

आमच्याकडे एका आजींचं वजन दोन महिन्यांत ४७ वरून साडेत्रेचाळीसवर आलं. जेवणाच्या रजिस्टरमध्ये रोज "पूर्ण" लिहिलेलं. मी चार दिवस त्यांच्या शेजारी जेवायला बसले. त्या भात आणि वरण खायच्या, पोळी ताटाखाली सरकवायच्या, भाजी कडेला लावून ठेवायच्या. ताट उचलणारी मुलगी वाटी रिकामी बघून "पूर्ण" लिहायची. कवळीचं विचारलं तेव्हा आजी रडायलाच लागल्या. कवळी त्यांनी कागदात गुंडाळून उशीखाली ठेवली होती आणि ती चादरींबरोबर धुण्यात गेली होती. मुलाला परत खर्चात पाडायचं नाही, म्हणून त्या दोन महिने गप्प होत्या. नवी कवळी येईपर्यंत पोळी दुधात कुस्करून आणि भाजी घोटून द्यायला लागलो, तर तिसऱ्या महिन्यात वजन दीड किलोने वर आलं. हे रजिस्टरमधून कधीच कळलं नसतं. काट्यामुळे कळलं.

त्वचा तपासणं तर रोजचं काम. आंघोळीच्या किंवा अंग पुसण्याच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, कोपर आणि कानामागची जागा बघायची. लाल दिसलेल्या जागी बोटाने दाबा. दाबल्यावर ती फिकी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक आहे. फिकी पडलीच नाही, तर बेडसोरची सुरुवात झाली असं धरा, कातडं फाटलेलं नसलं तरीही. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा, शेजारच्या जागेपेक्षा कडक लागते का ते बघा. हे आमच्या मावशींना अर्ध्या तासात शिकवता आलं. एकदा शिकल्यावर त्या माझ्याआधी ओळखायला लागल्या. म्हणून ज्या मावशीने पहिली लाली दाखवली, तिचं नाव आम्ही महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर घेतो.

पडण्याबद्दल मात्र माझ्याकडून मोठी चूक झाली आहे आणि ती तुम्ही करू नये असं मनापासून वाटतं. एक आजोबा बाथरूममध्ये पडले, तेव्हा मी ड्युटीवरच्या मावशींना सगळ्यांसमोर बोलले. आवाज चढवून बोलले. पुढचे तीन महिने पडण्याच्या रजिस्टरमध्ये एकही नोंद आली नाही, आणि मी ते विश्वस्तांना अभिमानाने सांगितलं. चौथ्या महिन्यात एका आजींचं मनगट सुजलेलं दिसलं. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं निघालं, तेही आठ-दहा दिवसांपूर्वीचं. त्या पडल्या होत्या. मावशींनी उचलून झोपवलं होतं आणि "मॅडमला सांगू नका" असं दोघींमध्ये ठरलं होतं. त्या आजींनी ते दिवस मोडक्या हाताने काढले, ते माझ्या आवाजामुळे.

त्यानंतर नियम बदलला. पडणं, गोळी चुकणं, लाली दिसणं, यातलं काहीही झालं आणि त्याच ड्युटीत सांगितलं, तर दोष नाही, पगार कापणं नाही, बोलणं नाही. लपवलं तर मात्र जाब द्यावा लागेल. मारणं, बांधून ठेवणं, पैसे किंवा दागिना घेणं याला यात जागा नाही, तिथे पहिल्याच वेळी घरी पाठवायचं आणि गरज असेल तर पोलिसांत जायचं. विसराळूपणा वाढलेल्या आजोबांना "पडू नयेत म्हणून" ओढणीने पलंगाला बांधलेलं मी पाहिलं आहे. कितीही चांगल्या हेतूने केलेलं असो, ते चालवून घेऊ नका. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो आणि जास्त वाईट पडतो.

नियम बदलल्यावर आमच्या नोंदी महिन्याला सात-आठवर गेल्या. विश्वस्त घाबरले. मी त्यांना सांगितलं की पडणं वाढलेलं नाही, कळणं वाढलं आहे. ४० वृद्धांच्या घरात महिनोन्महिने कोणीच पडत नाही असं रजिस्टर सांगत असेल, तर मला धडकी भरते. नोंदीत आम्ही वेळ लिहायला लागलो आणि मग दिसलं की निम्म्याहून जास्त जण पहाटे चार ते सहामध्ये, बाथरूमला जाताना पडतात. दोघांना लघवी सुटायची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर दिली जात होती. डॉक्टरांशी बोलून ती सकाळवर आणली. पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाच्या उंचीवर मंद दिवे लावले, आणि पहाटे साडेतीनला मावशींनी स्वतःहून विचारायचं, "आजोबा, जाऊन यायचं का?" खर्च दिव्यांचाच झाला.

गोळ्यांबद्दल एकच सांगते: साखरेच्या गोळीवर आणि इन्शुलिनवर खास लक्ष ठेवा. गोळी दिली आणि आजींनी जेवण नको म्हटलं, असं पहाटे साखर उतरून बेशुद्ध पडण्याआधी बहुतेक वेळा घडलेलं असतं. आधी ताट समोर, मग औषध, एवढी शिस्त लावली तरी मोठा अपघात टळतो.

आता तुम्ही विश्वस्त म्हणून काय बघायचं? एक तर ठरवून आणि सांगून जाऊ नका. रविवारी दुपारी तीनला जा, पहाटे सहाला जा, गणपतीत किंवा दिवाळीत निम्म्या मावशी गावी गेलेल्या असतात तेव्हा जा. ऑफिसात चहा घेत बसू नका, थेट खोलीत जा. पाण्याचा पेला हात पोचेल असा ठेवला आहे का? बेलचं बटण उशीजवळ आहे की भिंतीला लटकतंय? नखं कापलेली आहेत का? चष्मा डोळ्यांवर आहे की कपाटात, आणि त्याच्या काचा पुसलेल्या आहेत का? पावलांना हात लावा, थंडीत पायमोजे आहेत का बघा. मग मावशींना विचारा, "मावशी, आज तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कोणाची वाटते?" या प्रश्नाला नाव सांगून उत्तर आलं तर आश्रम जिवंत आहे. "सगळे चांगले आहेत साहेब" असं आलं, तर तिला तुमची भीती वाटते.

आजी-आजोबांना "काही तक्रार आहे का" असं विचारून काही हाती लागत नाही. "नाही हो, सगळं छान आहे" हेच ऐकायला मिळेल, कारण त्यांना इथेच राहायचं आहे. त्याऐवजी विचारा, "काल रात्री बेल वाजवलीत का? किती वेळाने कोणी आलं?" आणि हेही विचारा, "संध्याकाळनंतर पाणी पिता का?" कितीतरी आजी दुपारी चारनंतर पाणी बंद करतात. रात्री उठवावं लागलं तर मावशी वैतागेल, म्हणून. मग लघवीला जळजळ, ताप, अचानक असंबद्ध बोलणं, आणि आपण म्हणतो विसराळूपणा वाढला. या एका प्रश्नाने मला आमच्या रात्रपाळीबद्दल जेवढं कळलं, तेवढं कुठल्याच तपासणीत कळलं नाही.

कॅमेरे जिना, व्हरांडा, स्वयंपाकघर आणि दारावर जरूर लावा. खोलीत नको. तिथे माणसांचे कपडे बदलले जातात, अंग पुसलं जातं. म्हाताऱ्या माणसाची लाज आपण जपायची असते.

कायद्याकडून रोजच्या देखरेखीत फार आधार मिळेल असं धरून चालू नका. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम १९ मध्ये निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्यात किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे आणि वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाचे निकष राज्य सरकारने ठरवावेत असंही म्हटलं आहे. धर्मादाय आयुक्तांकडे तुमचे हिशेब जातात, पण टाच बघायला तिथून कोणी येत नाही. ते काम तुमचंच. ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर मात्र मोठ्या अक्षरांत, व्हीलचेअरवर बसून वाचता येईल अशा उंचीवर लावा. आपल्याविरुद्धही फोन करता येतो हे राहणाऱ्यांना दिसलं पाहिजे.

महिन्याच्या बैठकीचा क्रमही बदला. सध्या बहुतेक ठिकाणी देणग्या, बांधकाम, वर्धापनदिन आणि शेवटी घड्याळाकडे बघत "आश्रमाचा अहवाल" असा क्रम असतो. पहिला अर्धा तास माणसांना द्या. एकच कागद: वजन उतरलेले कोण, नवी लाली किंवा जखम कोणाला, कोण कुठे किती वाजता पडलं, कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि रात्री किती मावशी प्रत्यक्ष हजर होत्या. व्यवस्थापकांना वाईट बातमी आधी सांगू द्या, आणि त्यांनी ती सांगितली की त्यांच्यावर तुटून पडू नका. तुमच्या व्यवस्थापकांना बदलायचं की नाही, हे मला इथून सांगता येणार नाही. हा कागद तीन महिने आणा, मग तुमचं तुम्हालाच कळेल. माहिती दिल्यावर जो माणूस कामाला लागतो, तो ठेवण्यासारखा. आकडे सुंदर करून आणणारा असेल, तर विचार करा.

ब्यूरोच्या मावशी दर पंधरा दिवसांनी बदलत असतील, तर वरचं काहीच टिकणार नाही. ठरावीक मावशींकडे ठरावीक आजी-आजोबा द्या, शक्य तितक्या मावशी स्वतःच्या पगारावर घ्या. रात्रपाळीला गरम जेवण आणि दोन तास पाठ टेकायला जागा द्या. जिची कूस कोणी बदलत नाही, ती दुसऱ्याची कशी बदलेल?

आणि त्या आजी. हे सगळं जमायला महिने लागतील, त्यांचं मात्र आजच बघा. जखमेवर भार येणार नाही अशा कुशीवर ठेवा. लालीवर मालिश करू नका, जखमेत पावडर किंवा हळद भरू नका. मधे भोक असलेली गोल उशी काढून टाका, तिच्या कडांनी दाब उलट वाढतो. ग्लोव्हमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, तीही बंद करा. त्याऐवजी पोटरीखाली उशी द्या, म्हणजे टाच अधांतरी राहते. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर आहारात डाळ, दूध, अंडं वाढवायला डॉक्टरांना विचारा. जखमेचा तळ काळा दिसत असेल, वास येत असेल किंवा ताप असेल, तर उद्यावर ढकलू नका, सर्जनना दाखवा. पुढच्या ड्रेसिंगला त्यांच्या मुलीला बोलवा. जखमेची लांबी-रुंदी पट्टीने मोजून तिच्यासमोर केस पेपरवर लिहा, आणि ज्या मावशी त्यांचं करतात त्यांना तिच्या शेजारी उभं राहू द्या.

अंथरुणावरचे किती आणि रात्री माणसं किती, हे दोन आकडे कळवलेत तर रात्रपाळीचा हिशेब मी मांडून देते.